पत, इभ्रत आणि मन : वऱ्हाडातील आत्महत्येच्या धोक्याचा इतिहास

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील आत्महत्यांचा इतिहास सहसा कर्ज, पाऊस आणि कापसाचा भाव या तीन गोष्टींतून सांगितला जातो. तिन्ही खऱ्या आहेत. मात्र त्याच गावात, तेवढ्याच कर्जात आणि तशाच नापिकीत बहुतेक शेतकरी तग धरतात आणि मोजके जीव देतात. हा फरक कशाने पडतो, हे विचारायला फार उशीर झाला. उत्तराचा एक भाग माणूस स्वतःची किंमत कशावरून ठरवतो यात आहे. ती किंमत इतरांच्या नजरेवर किती अवलंबून आहे आणि अपमान, शरम, संताप यांचा लोंढा आला की तो त्याला पेलतो का, यावर बरेच काही ठरते. मानसशास्त्र याच गोष्टींचा अभ्यास आत्मप्रौढीचे, म्हणजे नार्सिसिझमचे, गुणविशेष आणि भावना आवरण्यातील अडचणी या नावांखाली करते. वऱ्हाडात या दोन्हींचा धागा शोधावा लागतो तो ‘पत’ या शब्दाभोवती घडलेल्या दीडशे वर्षांच्या इतिहासात.

१८५३ मध्ये निजामाने हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. पुढच्या दशकात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी सुरू झाली, सारा रोखीत भरायचा ठरला आणि जमीन गहाण ठेवण्याजोगी, विकण्याजोगी वस्तू झाली. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला एकाएकी सोन्याचे मोल आले. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरला पोहोचला. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी खामगावच्या फाट्याचे उद्घाटन केले. अमरावती, अकोला, खामगाव, कारंजा येथील कापसाचे बाजार लिव्हरपूलच्या भावाशी बांधले गेले. पण युद्ध १८६५ मध्येच संपले होते आणि भाव कोसळायला सुरुवात झाली होती. ज्यांनी चढ्या भावाच्या भरवशावर उचल घेतली, त्यांच्या गळ्यात सावकाराचे कागद राहिले.

या बदलाचा आर्थिक भाग इतिहासकारांनी तपशिलाने मांडला आहे; मनावर झालेल्या परिणामाकडे मात्र कमी लक्ष गेले. पूर्वी पाटील, देशमुख किंवा साधा कुणबी गावात कोण आहे, हे वतनाने, नात्याने आणि वयाने ठरत असे. नव्या व्यवस्थेत ते सावकाराच्या खातेवहीवरूनही ठरू लागले. कोणाला किती उधार मिळते, कोणाच्या वावरावर बोजा आहे, कोणाच्या दारी तगादा आला, हे गावाला माहीत असे. १८९७ च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याने बाजारांना शिस्त आणली, ते शेतकऱ्याच्या हिताचेच झाले. तरी भाव, पत आणि प्रतिष्ठा यांची गाठ त्याने सुटली नाही. वर्षाचे उत्पन्न एका पिकावर, पिकाचा भाव परक्या मुलखावर आणि घराची इभ्रत त्या भावावर, अशी ती साखळी होती. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांच्या मधल्या पट्टीत, विहीर खोदूनही पाणी खारे लागते. तिथे दुसऱ्या पिकाचा आधारही नव्हता.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी वऱ्हाड अक्षरशः खरवडून काढला. याच काळात वाढलेल्या एका मुलाचे चरित्र या विषयाच्या दृष्टीने फार बोलके आहे. डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे पुढचे गाडगे महाराज, १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मले. वडील दारूने गेले. मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला आजोळी मुलगा वाढला. तिथे सावकाराच्या कागदांवर जमीन गेली आणि त्या धक्क्याने मामाही खचून गेले. व्यसन, कर्ज, इभ्रतीचा घाव आणि खचलेला कर्ता पुरुष, ही सारी मालिका त्यांनी लहानपणीच घरात पाहिली. म्हणूनच त्यांचे कीर्तन थेट मुद्द्याला हात घालत असे. सण-लग्नासाठी कर्ज काढू नका, तिथीला दारू आणि बकरे नको, पोरांना शिकवा, हे ते आयुष्यभर सांगत राहिले. हातात खराटा घेऊन ते आधी गावाचा उकिरडा साफ करत. पूर्णाकाठच्या ऋणमोचन येथे त्यांनी घाट बांधून घेतला. आजच्या भाषेत बोलायचे तर ते माणसाची किंमत त्याच्या खर्चिक दिखाव्यापासून सोडवू पाहत होते. हा प्रतिबंधाचा विचार होता, आणि वऱ्हाडातील कोणत्याही सरकारी योजनेच्या कितीतरी आधीचा होता. तुकडोजी महाराजांनी १९३५ पासून मोझरीच्या गुरुकुंजातून सामुदायिक प्रार्थनेची जी रीत रुजवली, तिचाही असाच एक उपयोग झाला. रोज संध्याकाळी माणूस घराबाहेर पडून चारचौघांत बसू लागला.

वेडेपणाची सरकारी सोय मात्र निराळ्याच माणसांसाठी होती. नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ चे, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमरावतीतही वेड्यांचे इस्पितळ होते. तिथे पोहोचत ते भटकणारे, हिंसक झालेले, घरच्यांनी सोडलेले लोक. शेतावर राबणारा, चारचौघांत नीट बोलणारा आणि आतून पोखरत चाललेला गृहस्थ त्या दारात कधी जात नसे. त्याच्या घरचे लोक गेलेच तर देवऋषाकडे, नाहीतर बुलढाणा जिल्ह्यातील सैलानी बाबांच्या दर्ग्यावर जात. होळीच्या सुमारास भरणाऱ्या सैलानीच्या यात्रेत सर्व धर्मांचे लोक अजूनही मनोरुग्ण नातलगांना घेऊन येतात. या जागांना नुसती अंधश्रद्धा म्हणून झटकणे सोपे आहे, पण एक गोष्ट मान्य करावी लागते. तिथे त्रास ‘बाहेरून लागलेला’ मानला जातो, त्यामुळे तो उघड बोलण्यात कमीपणा वाटत नाही. ‘मी हरलो’ म्हणण्यापेक्षा ‘मला लागीर झाले’ म्हणणे इभ्रतीला सोसते. तोटा असा की उपचाराला उशीर होतो, आणि काही वेळा साखळदंडापर्यंत मजल जाते.

कर्जाचा प्रश्न सरकारने कायद्याने हाताळण्याचा प्रयत्न १९३३ च्या कर्ज समझोता कायद्यापासून दिसतो. स्वातंत्र्यानंतर पंजाबराव देशमुखांनी शिक्षण आणि शेती या दोन्ही बाजूंनी वऱ्हाडच्या शेतकऱ्याला उभे करण्याचा ध्यास घेतला. त्यांच्या नावाचे कृषी विद्यापीठ १९६९ मध्ये अकोल्यात स्थापन झाले. १९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि काही वर्षे भावाची हमी मिळाली. १९७९ मध्ये चाकणच्या आंदोलनातून उभ्या राहिलेल्या शेतकरी संघटनेने पुढच्या दशकात विदर्भाच्या कापूसपट्ट्यात मोठे बळ धरले. संघटनेचे नेते शरद जोशी यांच्या मांडणीतील अर्थशास्त्राबद्दल मतभेद होऊ शकतात. तिचे मानसिक मोल मात्र वादातीत आहे. शेतकरी कर्जबाजारी होतो तो उधळ्या किंवा नालायक असतो म्हणून नव्हे, तर शेतमालाचे भाव धोरणाने पाडले जातात म्हणून, असे त्यांनी लाखोंच्या सभांत सांगितले. एकट्याने गिळायची शरम त्यामुळे काही काळ तरी सर्वांच्या मिळून संतापात बदलली. चळवळ ओसरली, एकाधिकार योजना नव्या शतकाच्या सुरुवातीला मोडीत निघाली, २००२ पासून बीटी कापसाचे महागडे बियाणे आले आणि शेतकरी पुन्हा एकटा पडला. त्याआधीच, १९ मार्च १९८६ रोजी, यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबाच्या सामूहिक मृत्यूने महाराष्ट्र हादरला होता. त्या तारखेला आता दरवर्षी राज्यभर अन्नत्याग केला जातो.

२००१ पासून अमरावतीच्या विभागीय आयुक्तालयात विभागाच्या पाच जिल्ह्यांतील शेतकरी आत्महत्यांची नोंद ठेवली जाते. तिच्यातील आकडा वीस हजारांच्या पुढे गेला आहे. मृत्यूनंतर कुटुंबाला एक लाख रुपये मदत देण्याचा निर्णय झाला, त्यांपैकी तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. मदतीसाठी प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती ठरवते. जमीन नावावर होती का, कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे होते का, वसुलीचा तगादा होता का, हे पाहिले जाते. सार्वजनिक पैसा वाटताना निकष लागतातच. पण या निकषांनी वऱ्हाडच्या समजुतीला एक साचा दिला. दारू, भांडण, आजार, निराशा यांचा उल्लेख पंचनाम्यात आला की प्रकरण अपात्र होण्याची भीती, म्हणून घरचे लोक या गोष्टी बोलेनासे झाले. आर्थिक कारण खरे आणि मानसिक कारण म्हणजे बदनामी, अशी विभागणी पडली. ज्या माहितीवरून पुढचा मृत्यू टळू शकला असता, ती कागदावर यायचीच थांबली. जमीन पुरुषाच्या नावावर असल्याने शेतात तेवढ्याच राबणाऱ्या स्त्रीचा मृत्यू तर या चौकटीत बसतच नसे.

याउलट अभ्यासकांनी घराघरांत जाऊन जे ऐकले ते वेगळे होते. उच्च न्यायालयाच्या आदेशाने टाटा समाजविज्ञान संस्थेने २००५ मध्ये अहवाल दिला. इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचे श्रीजित मिश्रा यांचा अहवाल २००६ मध्ये आला. वाशीम, यवतमाळ आणि वर्धा जिल्ह्यांतील कुटुंबांशी बोलून मिश्रांनी धोक्याचे घटक मोजले. कर्ज पहिल्या क्रमांकावर होतेच. पण निम्म्याहून अधिक घरांत कौटुंबिक संघर्ष आढळला आणि एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी ‘सामाजिक स्थान घसरणे’ हे कारण नोंदले गेले. मुलीचे किंवा बहिणीचे लग्न, व्यसन, शेजाऱ्यांशी तंटा, जवळच्या गावात आधी झालेली आत्महत्या, हेही घटक होते, आणि एकेका मृत्यूमागे यांतील अनेक एकत्र होते. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनीही विदर्भातील कुटुंबांशी आणि गावकऱ्यांशी बोलून कर्ज, व्यसन, ताण आणि घरातले वितुष्ट यांचे असेच गुंतलेले चित्र मांडले. त्याच २००६ मध्ये केंद्राने विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले. ते सिंचन, कर्ज आणि व्याजमाफीचे होते. मनासाठी त्यात जवळजवळ काही नव्हते. २००८ च्या केंद्रीय कर्जमाफीने तर दोन हेक्टरांची रेघ ओढली. कोरडवाहू आठ-दहा एकर असलेला वऱ्हाडचा शेतकरी कागदावर मोठा ठरून संपूर्ण माफीतून बाहेर पडला. मोठेपणाची पाटी गळ्यात आणि हात रिकामे, हा घाव नुसता पैशाचा नव्हता.

‘सामाजिक स्थान घसरणे’ या एका ओळीत जे दडले आहे, त्याचा शोध मानसशास्त्राने जगात इतरत्र घेतला आहे. फ्रॉइडने १९१४ मध्ये नार्सिसिझमवर निबंध लिहिला, हाइन्झ कोहुट यांनी १९७२ मध्ये दुखावलेल्या आत्मप्रतिमेतून उसळणाऱ्या संतापाचे वर्णन केले आणि १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत आत्मप्रौढ व्यक्तिमत्त्व विकार हे स्वतंत्र निदान म्हणून आले. पुढे अभ्यासकांनी या स्वभावाची दोन रूपे वेगळी केली. एक रूप बढाईखोर, सगळ्यांना दिसणारे. दुसरे झाकलेले आणि ठिसूळ. असा माणूस वरून मानी, अबोल. आतून सतत कौतुकाच्या आणि मानाच्या आधारावर उभा. टीका, नकार, पराभव यांनी कोसळणारा. आत्महत्येच्या विचारांशी अधिक सातत्याने जोडले गेले आहे ते हे दुसरे रूप. त्यातही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की या लोकांमध्ये जीव देण्याचा प्रयत्न कधी कधी उदासीनतेची नेहमीची लक्षणे न दिसताही घडतो. झोप, भूक, कामाचा उत्साह ठीक असतो. एक जाहीर अपमान होतो आणि काही तासांत सारे बदलते.

भावना आवरण्यातील अडचणींचा अभ्यास याला पूरक आहे. २००४ मध्ये ग्रॅट्झ आणि रोमर यांनी तयार केलेली ३६ प्रश्नांची मोजपट्टी त्या अडचणींचे सहा भाग करते. आपल्याला काय वाटते आहे ते ओळखता न येणे, त्याकडे लक्षच न देणे, वाटते त्याचाच राग येणे, अशा वेळी हातचे काम न सुचणे, झटक्यात काहीतरी करून बसणे आणि ‘आता काहीच उपाय नाही’ असे ठामपणे वाटणे. ठिसूळ आत्मप्रतिमा आणि हे सहा दोष एकत्र आले की धोका वाढतो, कारण शरमेचा झटका हा मुळात थोड्या वेळाचा असला तरी तो ओसरेपर्यंत थांबण्याचे साधन माणसाकडे उरत नाही. दारू तेवढाही बांध फोडते. मार्शा लिनेहन यांनी १९९० च्या सुमारास विकसित केलेली उपचारपद्धती नेमके हेच शिकवते. भावनेला नाव द्यायचे, तिची लाट ओसरू द्यायची आणि त्या अवधीत निर्णय घ्यायचा नाही.

हे ज्ञान वऱ्हाडवर जसेच्या तसे डकवणे अन्यायाचे ठरेल. मानी शेतकरी म्हणजे विकृत व्यक्तिमत्त्व नव्हे. शब्दाला जागणे, हात न पसरणे, पाहुण्याला उपाशी न पाठवणे हे या मुलखाचे गुण आहेत आणि त्यांवरच गावे उभी राहिली. विकाराचे निदान प्रशिक्षित तज्ज्ञाने, जिवंत माणसाला अनेकदा भेटून करायचे असते. मृताच्या नातलगांच्या आठवणींवरून ते होत नाही. उपयोगाचा धडा तेवढा घ्यायचा. जिथे माणसाची सारी किंमत एकाच गोष्टीवर, म्हणजे कर्ता पुरुष म्हणून गावात असलेल्या पतप्रतिष्ठेवर, टांगलेली असते, तिथे जप्तीची नोटीस, सोसायटीच्या फळ्यावर लागलेली थकबाकीदारांची यादी किंवा लग्नाच्या बैठकीतला एखादा टोमणा हा रकमेपेक्षा मोठा घाव असतो. म्हणून वसुलीची रीत हा मानसिक आरोग्याचाच प्रश्न आहे. सहकारी बँकांना आणि खासगी वित्त कंपन्यांना ही गोष्ट अजून पुरती उमगलेली नाही, हे खेदाने म्हणावे लागते.

वऱ्हाडात या दिशेने पद्धतशीर काम अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत झाले. ‘विश्राम’ नावाच्या त्या प्रकल्पात गावातल्याच कार्यकर्त्यांना मानसिक प्रथमोपचार शिकवले गेले, त्यांच्या जोडीला प्रशिक्षित समुपदेशक दिले आणि गरजेनुसार मानसोपचारतज्ज्ञ गाठता येईल अशी साखळी उभारली. राहुल शिधये, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिॲट्री’त प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार दीड वर्षात उदासीनतेसाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. गेल्या बारा महिन्यांत आत्महत्येचे विचार आल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. गावात बोलायला माणूस असला आणि बोलणे हा कमीपणा नाही असे वातावरण झाले, तर लोक बोलतात, हे या आकड्यांनी दाखवून दिले. २०१५ मध्ये राज्य सरकारने ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. अमरावती, अकोल्यासह विदर्भ-मराठवाड्यातील चौदा जिल्ह्यांत आशा कार्यकर्त्या घरोघरी जाऊन ताणाची लक्षणे विचारतात आणि गरज असलेल्यांना जिल्हा रुग्णालयातील पथकाकडे पाठवतात. मानी पुरुष मात्र या चाळणीतूनही निसटतो. उदास आहात का, या प्रश्नावर तो नाही म्हणतो. त्याच्याबद्दलची खबर बायकोकडून किंवा लेकीकडून मिळते. चिडचिड वाढली, दारू वाढली, माणसांत बसणे सोडले, हिशेबाचे कागद दुसऱ्याच्या हाती दिले, अशी ती खबर असते.

कायद्यानेही उशिरा का होईना दिशा बदलली. १८६० च्या भारतीय दंड संहितेचे कलम ३०९ आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा मानत असे, त्यामुळे वाचलेला माणूस दवाखान्यात खरे सांगायला धजत नसे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, जो २९ मे २०१८ पासून लागू झाला, असा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याला उपचार आणि पुनर्वसन देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुने कलम राहिले नाही.

साधनांचा प्रश्नही याच इतिहासाचा भाग आहे. शरमेचा किंवा संतापाचा झटका थोडा वेळ टिकतो, म्हणून त्या वेळात जीवघेणी वस्तू हाताशी नसणे फार मोलाचे असते. श्रीलंकेने १९९० च्या दशकापासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि तिथले आत्महत्यांचे प्रमाण सत्तर टक्क्यांहून अधिक घटले. वऱ्हाडात फवारणीची औषधे घरातच ठेवण्याची सवय अजून आहे. ती गावच्या सामाईक, कुलूपबंद जागेत ठेवणे हा खर्चाने लहान आणि परिणामाने मोठा उपाय ठरू शकतो.

मागे राहिलेल्या स्त्रियांच्या बाबतीत चित्र अजून अपुरे आहे. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये विदर्भ आणि मराठवाड्यातील शेकडो एकल महिलांशी बोलून नोंदवले की पतीच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनीही अनेकींच्या नावावर शेतजमीन झालेली नाही. कर्ज मात्र त्यांच्याकडे आले, आणि ‘नवऱ्याला खाल्ले’ असा बोलही आला. सातबाऱ्यावर नाव, मुलांच्या शिक्षणाची सोय आणि स्वतःच्या दुःखासाठी समुपदेशन या तिन्हींची गरज त्यांना एकाच वेळी असते, कारण घरात एक आत्महत्या झाली की पुढच्या पिढीचा धोकाही वाढतो.

१० ऑक्टोबर २०२२ पासून देशभर ‘टेली-मानस’ ही सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतही समुपदेशकाशी बोलता येते. फोन त्रासात असलेल्या माणसानेच केला पाहिजे असे नाही. त्याची काळजी वाटणारा नातलग, शेजारी किंवा मित्रही काय करावे ते विचारू शकतो. पुढची गरज लागली तर नाव जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाकडे कळवले जाते. अमरावती आणि अकोला या दोन्ही ठिकाणच्या जिल्हा यंत्रणेत ही पथके आहेत.